चौथा खडा

१

आमच्या ट्रिपांची एक ठरलेली पद्धत होती. राजाराम जागा शोधायचा, माझी बायको अहिल्या डबे भरायची, केदार ऐन वेळी टांग मारायचा आणि मी गाडी चालवता चालवता सगळ्यांवर चिडायचो. त्यामुळे २००३च्या ऑक्टोबरात केदारचा फोन आला तेव्हा मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. या वेळी फोन आम्ही तिथे पोचल्यावर आला, एवढाच काय तो फरक.

'तिथे' म्हणजे आम्ही राहायचो त्या मिशिगनमधल्या ॲन आर्बरपासून साडेतीन तासांवर, एका तळ्याकाठच्या फ्रेंच शातोच्या, म्हणजे जुन्या सरदारी वाड्याच्या, फाटकाशी. चारशे वर्षांपूर्वीचं हे घर एका अमेरिकन लाकूडवाल्याने फ्रान्समध्ये विकत घेतलं होतं. दगडन्‌दगड उतरवून, प्रत्येकावर आकडा कोरून, जहाजाने इकडे आणून पुन्हा जसंच्या तसं उभं केलं होतं. चार तिकिटं मी इंटरनेटवरून आधीच काढून ठेवली होती. केदार शिकागोहून परस्पर येणार होता, पण त्याची गाडी रस्त्यात बंद पडली.

"म्हणजे आता आपण तिघंच," राजाराम म्हणाला. "थांबा जरा."

राजाराम हा माझा नागपूरच्या कॉलेजातला मित्र. आता तो युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक संशोधक होता आणि दिवसभर उंदरांच्या मेंदूत बारीक तारा घालायचा. तो वाकला आणि त्याने रस्त्याकडेचा एक खडा उचलला. लिंबाएवढा, राखाडी, एका बाजूने अगदी सपाट. त्या सपाट बाजूवर कोरल्यासारखी एक रेघ होती.

"तिघांनी मिळून कुठे जाऊ नये यार. आई उंबरा ओलांडू द्यायची नाही. चौथा म्हणून खडा बरोबर घ्यायचा आणि परत घरी पोचलं की टाकून द्यायचा."

"सायंटिस्ट ना रे तू?"

"तो सोमवार ते शुक्रवार."

आम्ही हसलो. पण मी नीट हसलो नाही, कारण आम्ही तिघं नव्हतो. अहिल्याला दिवस गेले होते, दहावा आठवडा चालू होता. याआधी दोनदा गर्भ राहून पडला होता, एकदा आठव्या आठवड्यात आणि एकदा नवव्या. दोन्ही वेळा आम्ही सगळ्यांना फोन करकरून सांगितलं होतं आणि मग पुन्हा फोन करून दुसरी बातमीही सांगावी लागली होती. या वेळी तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाजवळ चकार शब्द काढायचा नाही, असं सासूबाईंनी पुण्याहून बजावलं होतं. वाटेत अहिल्या दोनदा गाडी थांबवून ओकली, तेव्हाही मी राजारामला काल बाहेर खाल्लेलं बाधलं असं सांगितलं होतं.

आता माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की खडा राहू दे, आम्ही चौघं आहोत. अहिल्याने माझा हात दाबला आणि मी गप्प बसलो. एका वाक्याचं काम होतं.

"वहिनी, माझ्या स्वेटशर्टला खिसा नाही," राजाराम म्हणाला. "तुमच्या कोटात ठेवा. सांभाळा हं, आपला चौथा आहे तो."

अहिल्याने खडा कोटाच्या खिशात ठेवला. कोट तिला घट्ट होत चालला होता, त्यामुळे खिसा नेमका पोटावर यायचा.

२

आत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. पांढऱ्या केसांच्या, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेल्या एक बाई पुढे आल्या. त्यांनी चारही तिकिटं फाडली आणि "फोर" असं म्हणून वहीत खूण केली. मी सांगणार होतो की एक जण आला नाही, पण तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते, मग कशाला सांगा.

लाकडी जमीन जुनी, म्हणून बुटांवर जाड कापडाच्या खोळी चढवायच्या होत्या. बाईंनी टोपलीतून एकेक जोड काढून दिला. माझा, राजारामचा, अहिल्याचा. मग त्यांनी चौथा जोडही माझ्या हातात ठेवला. तो माझ्या तळहातात मावत होता.

"आमच्याबरोबर लहान मूल नाहीये," मी इंग्रजीत म्हणालो.

"चार जण ना तुम्ही," बाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

चुकीच्या टोपलीतून आला असेल, असं मी मनाशी म्हटलं. म्हाताऱ्या बाई, डोळ्यांवर नसलेला चष्मा, रोजची शंभर माणसं. मी सॉफ्टवेअर तपासणारा माणूस आहे. जिथे माणूस असतो तिथे चूक असते, यावरच माझं पोट चालतं. तो जोड मी पँटच्या मागच्या खिशात कोंबला.

जिन्याखाली बाईंनी दगडांची गोष्ट सांगितली. फ्रान्समधून अकरा हजार चारशे बारा दगड निघाले आणि इथे अकरा हजार चारशे बारा बसवले. एक जास्त नाही, एक कमी नाही. हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की जणू त्यांनीच ते वाहून आणले होते. राजारामने मला कोपराने ढोसलं आणि अहिल्याच्या खिशाकडे डोळ्यांनी खूण केली. "एक कमी आहे म्हणावं," तो मराठीत पुटपुटला.

बाई थांबल्या. मराठी त्यांना कळणं शक्य नव्हतं. त्या अहिल्याकडे बघून हसल्या आणि पुढे गेल्या.

३

जेवणाचं दालन लांबलचक होतं. बाईंच्या पायांत टाचांचे बूट होते, त्यांचा टक टक असा आवाज व्हायचा. आमच्या खोळींचा नुसता सर्र, सर्र. मी आधी लक्ष दिलं नाही. मग सवयीप्रमाणे मोजू लागलो.

माझी पावलं जड. राजाराम पाय ओढत चालतो. अहिल्या अलीकडे सावकाश चालायची. आणि त्यांच्यामध्ये आणखी एक आवाज होता. आखूड, घाईचा, आमच्या एका पावलाला दोन. मी थांबलो की तोही थांबायचा, पण एक पाऊल उशिरा.

उंच छत, दगडी भिंती, प्रतिध्वनी येणारच, हे मला कळत होतं. मी खिशाला हात लावून पाहिला. तो छोटा जोड खिशातच होता. मला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

"गुरू," अहिल्या हळूच म्हणाली, "मला जाम भूक लागलीये."

"मळमळतंय का?"

"अजिबात नाही. फाटकापासूनच नाही. एकदम हलकं वाटतंय."

ती खुशीत होती. महिनाभरानंतर तिच्या गालांवर रंग दिसत होता. मी मात्र घाबरलो, कारण दोन्ही वेळा हे असंच झालं होतं. आदल्या दिवशी तिची मळमळ अचानक थांबली होती आणि आम्ही मूर्खासारखे खूश होऊन बाहेर जेवायला गेलो होतो. तिला ते आठवत नव्हतं, की आठवायचं नव्हतं, कुणास ठाऊक.

"आणि हा बघ ना, कसला गरम झालाय."

तिने माझा हात धरून स्वतःच्या खिशात घातला. खडा नुकत्याच रिकाम्या झालेल्या चहाच्या कपासारखा ऊबदार होता. अंगाची ऊब लागली असेल. मी हात बाहेर काढला, पण बोटांना काहीतरी जाणवलं होतं. अगदी बारीक, ठराविक अंतराने. माझीच नाडी असेल. भीती वाटली की बोटांच्या टोकांत ठोके जाणवतात, हे मला राजारामनेच कधीतरी सांगितलं होतं.

"चल, निघू या," मी म्हणालो.

"वरचा मजला राहिलाय की. वर मुलांची खोली आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"बाई म्हणाल्या ना आत्ता."

बाई आत्ता जेवणाच्या टेबलाच्या लाकडाबद्दल बोलत होत्या. वरच्या मजल्याचा विषयच निघाला नव्हता. मी राजारामकडे बघितलं. तो मान वर करून छताचे फोटो काढत होता.

४

वर अरुंद बोळ होता आणि त्याच्या टोकाला ती खोली. दारात मखमली दोर बांधलेला. आत कमी उंचीचं कपाट, लाकडी घोडा आणि खिडकीखाली पाळणा. जमिनीवर उभा, झुलवायचा पाळणा.

बोळातल्या खिडकीतून तळं दिसत होतं. राजारामने बाईंना त्याबद्दल काहीतरी विचारलं आणि ती दोघं तिकडे वळली. मी खिसा चाचपला. छोट्या खोळींचा जोड तिथे नव्हता. मागे कुठे पडला का म्हणून मी बोळभर नजर टाकली. जमीन स्वच्छ होती. हे सगळं पंधरा-वीस सेकंदांत झालं असेल. मी वळलो तेव्हा अहिल्या दोराच्या आत होती.

ती पाळण्यावर वाकून काहीतरी गुणगुणत होती. तिने आवाज न करता दोर कधी ओलांडला, मला कळलं नाही.

"अहिल्या, बाहेर ये. आत जायचं नसतं."

तिने ऐकलं नाही. पाळण्यात एक पिवळट पडलेली दुलई होती, आणि ती दुलई वरखाली होत होती. खिडकीची फट असेल, वारा असेल. मी दोराखालून आत गेलो. खिडकी बंद होती. दुलईची कड एका जागी सरकलेली होती आणि तिथून एक टाच दिसत होती. माझ्या नखापेक्षा मोठी नसेल. तांबूस, ओलसर. मी बघत असताना ती आत ओढली गेली.

अहिल्याने दुलईचं टोक वर घेऊन नीट खोचलं, जसं कुठलीही आई खोचते.

"झोपलंय," ती म्हणाली.

मी तिला दंडाला धरून ओढत बाहेर आणलं आणि राजारामला हाक मारली. जिना कसा उतरलो ते आठवत नाही. आवाज मात्र आठवतो. जिन्यावर आमच्या तिघांची पावलं वाजत होती, तिघांचीच.

दारापाशी बाईंनी खोळी परत घेतल्या आणि टोपलीत टाकताना मोजल्या. "फोर," त्या समाधानाने म्हणाल्या. छोटा जोड सगळ्यांत वर होता. तो तिथे कुणी ठेवला, हे मी विचारलं नाही. मला तिथून निघायचं होतं.

गाडीपाशी राजाराम म्हणाला, "वहिनी, खडा आहे ना? घरी गेल्यावर टाकायचाय."

अहिल्याने दोन्ही खिसे उलटे केले. काही नव्हतं.

"गेला वाटतं. चौथा तिथेच राहिला की," राजाराम हसून म्हणाला.

दहा-बारा मैल गेल्यावर अहिल्याने घाईघाईने गाडी थांबवायला सांगितली आणि रस्त्याकडेला भडाभडा ओकली. मी तिचे केस धरून उभा होतो. बायको ओकतेय म्हणून देवाचे आभार मानणारा माझ्यासारखा नवरा दुसरा नसेल. मळमळ परत आली होती. म्हणजे सगळं ठीक होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो आणि त्या टाचेबद्दल स्वतःला काय सांगायचं ते ठरवून टाकलं: मी दमलो होतो.

५

सोमवारी सोनोग्राफी झाली. ठोके स्वच्छ आणि जोरदार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की इतके एकसारखे ठोके क्वचित बघायला मिळतात. पार्किंगमध्ये गाडीत बसून मी रडलो. मे महिन्यात गिरिजा झाली.

माझं तिच्यावर प्रेम आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कुणाला खरं वाटणार नाही.

ती कधी रडली नाही. जन्मतः डॉक्टरांनी चापट मारली तेव्हा तिने फक्त डोळे उघडले. कधी ताप नाही, सर्दी नाही. काट्यावर वजन नेहमी बरोबर असायचं, पण झोपलेल्या गिरिजाला उचलून नेताना माझे हात भरून यायचे. तिचे तळवे थंड असायचे. हातात धरून ठेवले की हळूहळू गरम व्हायचे आणि मग बराच वेळ गरमच राहायचे. अहिल्याला यात काही वावगं दिसत नव्हतं. "गुणी आहे माझी पोर," ती म्हणायची. दोनदा रिकाम्या हातांनी परत आलेल्या बाईला मी काय सांगणार होतो?

एक सवय मात्र अहिल्यालाही खटकायची. रांगायला लागल्यापासून गिरिजा झोपताना पाळण्याच्या एका कडेला सरकायची. पुढे पलंगावरही तेच. भिंतीला चिकटून झोपायची आणि अर्धी गादी मोकळी. बोलायला लागल्यावर आम्ही विचारलं. "दॅट्स हर साइड," ती म्हणाली. मुलं खोट्या मैत्रिणी बनवतात, असं अहिल्याने पुस्तकात वाचलं होतं.

गिरिजाच्या चौथ्या वाढदिवसाला राजाराम आला होता. केक कापून झाल्यावर अहिल्या जुने फोटो दाखवत होती. "हे बघ राजाराम, त्या शातोचे. ही पोटात होती तेव्हा. दहावा आठवडा. तुला सांगितलं नव्हतं आम्ही."

राजारामने फोटो बघितला.

"म्हणजे आपण तेव्हा चौघं होतो," तो म्हणाला.

"हो ना!" अहिल्या हसली. "तू उगाच खडा घेतलास."

तो हसला नाही. नंतर प्लेटा ठेवायच्या निमित्ताने माझ्यामागून स्वयंपाकघरात आला.

"गुरू, चौघं असताना आई कधी खडा घेऊ द्यायची नाही. एकदा चुकून घेतला तर तिने अर्ध्या रस्त्यातून सगळ्यांना परत फिरवलं होतं."

"का?"

"विचारलं नाही यार कधी. लहान होतो." त्याने नळ सोडला आणि स्वच्छ असलेला चमचा धूत राहिला. "तसं काही नसतं म्हणा."

बाहेर मुलं फुगे फोडत होती. प्रत्येक आवाजाला दचकून एखादं तरी रडत होतं. गिरिजा मधोमध शांत उभी राहून दारातून माझ्याकडे बघत होती. साडेचार वर्षं मी जे मनात येऊ दिलं नव्हतं ते त्या क्षणी आलं. आम्ही तिथून चौघं निघालो होतो खरे, पण आमचं मूल त्या पाळण्यात राहिलं होतं आणि अहिल्याच्या पोटातून खडा घरी आला होता.

मी वेडा झालो असेन. तसं असतं तर फार बरं झालं असतं.

६

ऑक्टोबरात मीच म्हणालो की पुन्हा शातोला जाऊ. अहिल्या एका पायावर तयार झाली. "गिरिजाला दाखवू. तिचा पहिलाच प्रवास तो," ती म्हणाली. तिथे जाऊन मी काय करणार होतो, हे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पण आदल्या संध्याकाळी अहिल्या भाजी आणायला गेली असताना मी कपाटाच्या तळातून गिरिजाचं तान्हेपणीचं दुपटं काढलं आणि गाडीच्या डिकीत, बॅगांच्या खाली ठेवलं. दुपटं कोऱ्यासारखं होतं. गिरिजाने कधी अंगावर ठेवू दिलं नव्हतं.

सकाळी राजाराम आमच्या अपार्टमेंटची किल्ली घ्यायला आला, झाडांना पाणी घालायला. त्याने गाडीत डोकावून पाहिलं.

"तिघंच?" तो म्हणाला, आणि जुन्या सवयीने खाली वाकला. पार्किंगच्या कडेला बारीक खडी पसरलेली होती.

"नको," मी म्हणालो. "आहे."

तो तसाच वाकलेला राहिला. मग हळूहळू उभा राहिला आणि हात पँटला पुसले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुरू, नका जाऊ यार."

"का रे?" अहिल्याने पुढच्या सीटवरून विचारलं. "पाऊस आहे का तिकडे?"

"नाही वहिनी. सहज." त्याने गिरिजाच्या खिडकीवर हात ठेवला. "बाय, गिरिजा."

"बाय, राजाराम काका," गिरिजा म्हणाली. तिने हात पुढे करून त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. एरवी ती कुणाचा हात धरत नसे.

मी तिचा पट्टा तपासायला मागे वाकलो. तिने माझ्याकडे बघितलं. शातोबद्दल तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. फिरायला जातोय, एवढंच.

"बाबा," ती म्हणाली, "इफ शी सिट्स हिअर, देन व्हेअर डू आय सिट?"

"शी कोण ग?" अहिल्याने हसत विचारलं.

मी पुढे येऊन बसलो. आरशात ती दिसत होती. रडत नव्हती. पट्ट्यात जितकं सरकता येईल तितकी एका कडेला सरकून बसली होती आणि मोकळ्या सोडलेल्या जागेवरून हात फिरवून ती नीट करत होती.

मी गाडी सुरू केली.